येशू स्वतःला कोण म्हणाला? अभ्यासगटात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्याकडच्या एका घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, दर पंधरवड्याला आम्ही आठ-दहा जण बसतो. काही जण कोकणीत प्रार्थना म्हणत वाढलेले, काही सावंतवाडी-बेळगावकडून इथे आलेले आणि मराठी बायबल वाचणारे, शिवाय शेजारची दोन-तीन हिंदू माणसं. येशू स्वतःविषयी काय म्हणाला हा एकच विषय आम्ही आजवर तीन वेगवेगळ्या गटांबरोबर केला. तिन्ही वेळा जे प्रश्न फिरून फिरून आले ते इथे मांडले आहेत. आपल्या वाड्यावर असा गट सुरू करायचा असेल तर यातून हवं ते उचला.

गट कुठल्या चर्चचा? हिंदू माणूस आला तर चालेल का?

कुठल्याच चर्चचा नाही, आणि चालेल. इथे कुणाला कुठून कुठे न्यायचं नसतं. अट एकच: बोलण्याआधी त्या दिवसाचा उतारा वाचलेला हवा. उतारा न वाचता सर्वांत जास्त बोलणारी माणसं जन्मभर चर्चला जाणारीच निघतात, हा आमचा अनुभव. त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं.

येशूला ‘तो म्हणाला’ असं एकेरी का?

मराठी बायबलचं कथनच एकेरीत आहे. एका वहिनींना पहिल्या दिवशी ते खटकलं. त्या ‘येशू म्हणाले’ असंच म्हणतात आणि त्यांनी तसंच म्हणावं. विठोबाला ‘तू’ म्हणणाऱ्या भाषेत या एकेरीबद्दल आणखी काय सांगायचं!

तुम्ही सुरुवात ‘तू कोण’ ऐवजी ‘तू कोणाचा’ या प्रश्नाने का करता?

कारण आपल्याकडे प्रश्न असाच विचारतात. अनोळखी पोर वाड्यावर दिसलं की ओसरीवरची म्हातारी त्याला नाव विचारत नाही. ती म्हणते, “कोणालो रे तूं?” उत्तरात बापाचं नाव, घराचं नाव, गावाचं नाव आलं की तिचं समाधान होतं. मग ती चहा विचारते.

नासरेथच्या लोकांनी नेमकं हेच केलं. बायबलमध्ये येशूची चार चरित्रं आहेत, मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची; त्यांना शुभवर्तमानं म्हणतात. त्यांतल्या लूकच्या चौथ्या अध्यायात येशू आपल्या गावच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातला उतारा वाचतो. दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी असा तो उतारा आहे. वाचून झाल्यावर तो खाली बसतो आणि म्हणतो, हा लेख आज तुमच्या कानांदेखत पूर्ण झाला. लोक थक्क होतात आणि लगेच म्हणतात, हा योसेफचा मुलगा ना? मार्कच्या सहाव्या अध्यायात ते म्हणतात, हा तो सुतारच ना, मरीयेचा मुलगा? माणूस कोणाचा हे कळलं की तो कोण हेही कळलं, असा त्यांचा हिशेब. लूकच्या कथेत त्याच दिवशी ते त्याला कड्यावरून ढकलायला निघतात.

आता याच्या आधीचा, बारा वर्षांच्या मुलाचा प्रसंग वाचा (लूक २). यहुद्यांच्या वल्हांडणाच्या सणाला गेलेला मुलगा यरुशलेमेत मागे राहतो. तीन दिवसांनी आईबापांना तो मंदिरात सापडतो. आई म्हणते, तुझे वडील आणि मी किती कासावीस होऊन तुला शोधत होतो! मुलगा म्हणतो, मी माझ्या पित्याच्या घरात असणार हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडचं हे पहिलं वाक्य आहे. आईने ‘तुझे वडील’ म्हटलं ते योसेफला उद्देशून. मुलाने तोच शब्द उचलला आणि दुसरीकडे नेला.

आमच्या मते सगळ्या चर्चेची किल्ली इथे आहे. येशू स्वतःचं वर्णन फार कमी करतो, पण आपण कोणाचे आहोत, कोणी पाठवलं, कोणासाठी आलो हे पुन्हा पुन्हा सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानात ‘ज्याने मला पाठवलं’ हे शब्द इतक्यांदा येतात की आमच्यातल्या एका शाळकरी मुलीने पेन्सिलीने खुणा करता करता कंटाळून सोडून दिलं.

मग त्याने सरळ उत्तर का दिलं नाही?

मार्कच्या आठव्या अध्यायात, फिलिप्पाच्या कैसरीयाकडे जाताना, वाटेत तो शिष्यांना विचारतो: लोक मला कोण म्हणतात? उत्तरं येतात. कोणी बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतं, कोणी एलीया, कोणी संदेष्टा. आणि तुम्ही? पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. यावर शाबासकी नाही. मार्क लिहितो की हे कुणालाही सांगू नका अशी त्याने ताकीद दिली. मत्तयाने हाच प्रसंग सांगताना पेत्राचं कौतुक नोंदवलं आहे, पण ताकीद तिथेही आहे.

ही ताकीद समजायला ‘ख्रिस्त’ हा शब्द त्या काळच्या कानांनी ऐकावा लागतो. देश रोमनांच्या ताब्यात. दाविदाच्या वंशातला राजा येईल आणि परक्यांना हाकलेल, ही आशा पुष्कळांच्या मनात. पहिल्या गटात १९६१ च्या आधीचा गोवा पाहिलेले एक काका होते. ते म्हणाले, “म्हणजे त्या दिवसांत ‘मुक्ती’ हा शब्द बाजारात मोठ्याने म्हणण्यासारखंच की.” आम्ही अर्धा तास जे समजावू पाहत होतो ते त्यांनी एका वाक्यात संपवलं. साडेचारशे वर्षं परकी सत्ता पाहिलेल्या भूमीतल्या माणसाला हे लवकर कळतं.

येशूला तो शब्द नको होता असं मात्र दिसत नाही. पेत्राने म्हटल्याबरोबर तो सांगू लागतो की मनुष्याच्या पुत्राने दुःख सोसलं पाहिजे, मारलं गेलं पाहिजे. पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. म्हणजे शब्द पेत्राचा बरोबर होता, अर्थ चुकला होता. विहिरीवरच्या शोमरोनी बाईला मात्र (योहान ४) तो स्पष्ट सांगतो: तुझ्याशी बोलतोय तो मीच. गर्दीपासून लपवलेली गोष्ट एका परक्या, एकट्या बाईला उघड सांगितली. याचं कारण गटाला शोधू द्या, तुम्ही सांगू नका.

‘ख्रिस्त’ हे येशूचं आडनाव का?

नाही, ती पदवी आहे. हिब्रू ‘मशीहा’, ग्रीक ‘ख्रिस्तोस’, दोन्हींचा अर्थ तेलाने अभिषेक केलेला. राज्याभिषेक हा शब्द ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको.

‘मनुष्याचा पुत्र’ म्हणजे नुसता माणूस, असंच ना?

सर्वांत जास्त वेळ याच शब्दावर द्या. चार शुभवर्तमानांत मिळून तो सुमारे ऐंशी वेळा येतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी येशूच्याच तोंडी. दुसरं कोणी त्याला या नावाने हाक मारत नाही. पुढे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात मरणाच्या दारातला शिष्य स्तेफन एकदा हा शब्द वापरतो. एरवी पहिल्या ख्रिस्ती मंडळींनी तो जवळपास सोडूनच दिला. त्यामुळे हे नाव त्याने स्वतःच निवडलं असावं, असं पुष्कळ अभ्यासक मानतात.

अर्थ दोन थरांचा आहे. अरामी भाषेत, म्हणजे येशूच्या बोलीत, ‘माणसाचा मुलगा’ म्हणजे साधा माणूस. कोकणीत ‘मनशाचो पूत’ म्हणून बघा, कानाला तसंच लागतं. आठव्या स्तोत्रात हा शब्द माणसाच्या लहानपणासाठी आहे. यहेज्केल संदेष्ट्याला देव नव्वदहून अधिक वेळा अशीच हाक मारतो, ‘अरे मानवपुत्रा’.

दुसरा थर जुन्या करारातल्या दानीएलाच्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायातला. तो अध्यायही अरामीतच आहे. समुद्रातून एकामागून एक चार हिंस्र श्वापदं निघतात, ती म्हणजे साम्राज्यं. त्यानंतर आकाशातल्या मेघांवरून ‘मानवपुत्रासारखा कोणी’ येतो आणि त्याला न संपणारं राज्य मिळतं. तो स्वतः राजा की देवाच्या लोकांचं प्रतीक, यावर वाद आहे. पण चित्र विलक्षण आहे: राज्यं जनावरांची, शेवटचं माणसाचं.

म्हणजे या एका शब्दामागे येशू लपूही शकत होता आणि उघडाही होऊ शकत होता. ऐकणाऱ्याने साधा अर्थ घेतला तर ‘हा माणूस’, दानीएल आठवला तर अंगावर काटा. गटात आम्ही तीन उतारे एकापुढे एक ठेवतो. मार्क २ मध्ये पक्षाघात झालेल्याला चौघे जण छपरातून खाली सोडतात. लूक तर चक्क कौलं काढल्याचं सांगतो. पावसाळ्याआधी नळे परतणाऱ्या आपल्या माणसांना त्या घरमालकाचीच जास्त काळजी वाटते! तिथे येशू म्हणतो, मनुष्याच्या पुत्राला पृथ्वीवर पापांची क्षमा करण्याचा अधिकार आहे. मार्क १० मध्ये तो म्हणतो की मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला आलेला नाही, सेवा करायला आणि पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव द्यायला आला आहे. मग मार्क १४. न्यायसभेत प्रमुख याजक विचारतो, तू ख्रिस्त आहेस का? आणि ज्याने इतके दिवस तोंड उघडलं नव्हतं तो म्हणतो, मी आहे, आणि मनुष्याचा पुत्र सर्वसमर्थाच्या उजवीकडे बसलेला व मेघांसह येताना तुम्ही पाहाल. याजक आपली वस्त्रं फाडतो. त्याला दानीएल पाठ होता.

आता प्रश्न गटाला: साखळदंडात असताना जे बोलायचं ते हा माणूस मोकळा असताना का बोलला नाही?

आणि ‘देवाचा पुत्र’?

मत्तय, मार्क, लूक या तिघांत ही पदवी त्याला बहुधा दुसरेच देतात. बाप्तिस्म्याच्या वेळची आकाशवाणी, भुतं, क्रूसापाशी उभा असलेला रोमी शताधिपती. तो स्वतः तिथे सहसा नुसता ‘पुत्र’ म्हणतो. योहानात मात्र ही पदवी त्याच्या स्वतःच्याही तोंडी आहे. शारीरिक अर्थाने घेऊन कोणी अडखळलं तर जुना करार उघडा. तिथे इस्राएल राष्ट्र देवाचा पुत्र आहे (निर्गम ४) आणि अभिषिक्त राजाही (स्तोत्र २). येशूचं वेगळेपण गेथशेमाने बागेतल्या ‘अब्बा’ या हाकेत ऐकू येतं. घरात बापाला मारायची ती हाक आहे. त्या रात्री तो म्हणतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे.

‘मी आहे’ ही सात वचनं कोणती? पाठ करायची का?

पाठ करायची गरज नाही. सगळी योहानात आहेत: जीवनाची भाकर, जगाचा प्रकाश, मेंढरांचं दार, उत्तम मेंढपाळ, पुनरुत्थान व जीवन, मार्ग-सत्य-जीवन, खरा द्राक्षवेल. एका बैठकीत सात घेतली तर सातही वाया जातात. आम्ही दोन घेतो.

भाकरीचं वचन (योहान ६) आम्ही सकाळी वाचतो, पोदेर (पाववाला) सायकलवरून भोंपू वाजवत येतो त्या वेळी. अजून गरम असलेले उंडे (गोल पाव) मधे ठेवतो. गोव्यात ‘भाकरी’ म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे नाचणीची येते, कुणाच्या तांदळाची. कथेतल्या पाच भाकरी जवाच्या, म्हणजे गरिबाच्या होत्या. हजारो लोक जेवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधत आले. येशू त्यांना तोंडावर सांगतो की तुमचं पोट भरलं म्हणून तुम्ही आलात. मग म्हणतो, जीवनाची भाकर मीच आहे. भाकर देणारा आणि भाकर यांतलं अंतरच तो पुसून टाकतो. याच अध्यायाच्या शेवटी पुष्कळ शिष्य त्याला सोडून जातात. स्वतःविषयी मोठं बोलून गर्दी वाढवणारे आपण रोज पाहतो. इथे बोलल्यामुळे गर्दी ओसरली.

द्राक्षवेल मात्र आमच्याकडे जरा फसला. द्राक्षमळे इथे नाहीत म्हणून आम्ही कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) पोफळीवर चढलेल्या मिरवेलीचं उदाहरण घेतलं. वेलीपासून तोडलेला फाटा वाळतो, असं सांगून होतंय तोच एक बागायतदार म्हणाले, “वाळतो कुठे? फाटा तोडून मातीत लावला की नवी वेल होते. आम्ही तेच करतो.” सगळे हसले आणि दहा मिनिटं मिरीच्या भावावर गेली. रूपकाला स्थानिक कपडे चढवण्याआधी त्या धंद्यातल्या माणसाला विचारून घ्यावं. योहान १५ मधला फाटा मातीत लावलेला नाही, तो बाहेर टाकलेला आहे. यशयाने आणि ऐंशीव्या स्तोत्राने इस्राएलाला देवाचा द्राक्षवेल म्हटलं होतं. येशू म्हणतो, खरा वेल मी.

याशिवाय आठवं एक वाक्य आहे, पुढे काहीही न जोडलेलं. ‘अब्राहाम झाला त्यापूर्वी मी आहे’ (योहान ८:५८). ‘होतो’ नाही, ‘आहे’. व्याकरण मोडल्यासारखं वाटतं ते मुद्दाम. जळत्या झुडपातून मोशेला मिळालेलं ‘मी आहे’ हे देवाचं नाव (निर्गम ३) त्यात ऐकू येतं. ऐकणाऱ्यांनी दगड उचलले.

थोडक्यात सांगा: तो स्वतःला देव म्हणाला का?

थोडक्यात सांगता येत नाही. पण टाळूही नका, कारण लोक याच प्रश्नासाठी आलेले असतात.

‘मी देव आहे’ असं सरळ वाक्य चारही शुभवर्तमानांत येशूच्या तोंडी नाही. आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मधोमध रेघ मारतो आणि दोन्ही बाजूंना वचनं लिहितो. एकीकडे पापांची क्षमा करणं, जी शास्त्र्यांच्या मते देवाशिवाय कुणाला शक्य नव्हती. शब्बाथाचा, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवसाचा, प्रभू असणं. डोंगरावरच्या प्रवचनात ‘सांगितलेलं तुम्ही ऐकलं आहे, पण मी तुम्हाला सांगतो’ असं मोशेच्या नियमशास्त्रासमोर उभं राहून बोलणं. संदेष्टे ‘परमेश्वर म्हणतो’ असं म्हणत, हा ‘मी म्हणतो’. ‘मी आणि पिता एक आहोत’ (योहान १०:३०). पुनरुत्थानानंतर शिष्य थोमा त्याला ‘माझा प्रभू, माझा देव’ म्हणतो आणि येशू त्याची चूक काढत नाही.

रेघेच्या दुसऱ्या बाजूला: ‘मला उत्तम का म्हणतोस? एका देवाशिवाय कोणी उत्तम नाही’ (मार्क १०:१८). त्या दिवसाविषयी व घटकेविषयी पुत्रालाही ठाऊक नाही (मार्क १३:३२). ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ (योहान १४:२८). तो प्रार्थना करतो, दमतो, झोपतो, रडतो.

चर्चने यातली कोणतीही बाजू खोडली नाही. ३२५ साली निकिया इथे आणि ४५१ साली खाल्किदोन इथे बिशप जमले, कडाक्याचे वाद झाले, आणि शेवटी पूर्ण देव व पूर्ण मनुष्य असं सूत्र ठरलं. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट हेच मानतात. सूत्रातली भाषा येशूची नाही, त्याच्या वाक्यांचा ताळमेळ घालायला निघालेल्या लोकांची आहे. गटात ख्रिस्ती माणसांना दुसरी बाजू वाचताना अवघडल्यासारखं होतं आणि हिंदू वाचकांना पहिली बाजू वाचताना आश्चर्य वाटत नाही. देव माणूस होऊन येतो यात त्यांना नवल काय? उलट आमच्या शेजारच्या वहिनींना सर्वांत जास्त भिडलं ते ‘पुत्रालाही ठाऊक नाही’ हे वाक्य. “देव असून माहीत नाही म्हणतो,” असं त्या दोनदा म्हणाल्या आणि बराच वेळ गप्प बसल्या.

म्हणजे अवतारच ना?

हा शब्द येशूने वापरलेला नाही. शब्द देही झाला, असं योहान पहिल्या अध्यायात म्हणतो, पण ते योहानाचं विधान आहे. अवतार अनेक असतात, युगायुगात येतात. शुभवर्तमानातली घटना एकदाच घडते, तिला पिलात नावाचा सुभेदार आहे, कर आहे, रोमी शिक्षा आहे. तुलना करायला हरकत नाही. दोन्ही एकच आहेत असं ठरवून टाकलं किंवा तो शब्दच उच्चारायचा नाही म्हटलं, तर मात्र चर्चा तिथेच संपते.

त्याला गुरू किंवा संदेष्टा मानलं तर काय बिघडलं?

त्याने दोन्ही शब्द नाकारलेले नाहीत. स्वतःच्या गावाशिवाय संदेष्ट्याला सगळीकडे मान मिळतो, हे तो स्वतःविषयीच बोलला. शिष्यांना म्हणाला, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते ठीकच म्हणता (योहान १३). आणि हे तो त्यांचे पाय धुऊन झाल्यावर म्हणाला. आपल्याकडे पाय शिष्य धुतात.

‘एक तर खोटारडा, नाही तर वेडा, नाही तर देव’ हा युक्तिवाद वापरायचा का?

आम्ही वापरत नाही. समोरच्याला कोपऱ्यात गाठण्यासाठी तो बरा आहे, ऐकण्यासाठी नाही. शिवाय आपल्यापर्यंत पोचलेले शब्द कसे पोचले हा प्रश्न त्यात गुंडाळून ठेवला जातो.

योहानातला येशू इतका वेगळा का बोलतो?

हे खरं आहे. पहिल्या तिघांत तो देवाच्या राज्याविषयी दाखल्यांतून बोलतो, स्वतःविषयी हात राखून. योहानात लांबलचक संवाद आहेत आणि विषय तो स्वतः. मार्क इ.स. ७० च्या सुमाराचा आणि योहान पहिल्या शतकाच्या अखेरचा असं सामान्यतः मानतात. योहानातली वाक्यं शब्दशः येशूची किती आणि वर्षानुवर्षांच्या मननातून घडलेली किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. श्रद्धावंत वाचक म्हणेल, आठवणही पवित्र आत्म्याच्या हातात होती. गटप्रमुखाने ही गोष्ट लपवू नये. कोणी तरी मोबाइलवर वाचून येतंच, आणि मग लपवल्याचाच मुद्दा होतो.

वाचन मराठीत करावं की कोकणीत?

ज्याला जी येते तीत. दोन्हीत केलं तर उत्तम, कारण भाषांतराच्या फटीतूनच प्रश्न निघतात. कोकणी प्रार्थनेतला ‘सोमी जेजू’ म्हणजे आपला स्वामी. मराठीत ‘प्रभू येशू’. ग्रीकमध्ये ‘कुरियोस’, जो शब्द देवालाही चालतो आणि रस्त्यात भेटलेल्या भल्या माणसालाही. आपल्या ‘सायब’ शब्दाचं तसंच आहे: कचेरीतला सायब वेगळा आणि जुन्या गोव्याचा ‘गोंयचो सायब’, म्हणजे सेंट झेवियर, वेगळा. शुभवर्तमानात कोणी येशूला ‘कुरिये’ म्हणतं तेव्हा ते ‘साहेब’ की ‘प्रभू’, हे अनुवादकाला ठरवावं लागतं.

आणि मराठी इथे उपरी नाही. १५७९ साली गोव्यात आलेल्या इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांनी येशूची कथा मराठी ओव्यांत रचली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. जुनी पुराणं हातून गेलेल्या नवख्रिस्ती लोकांना पुराणाच्याच घाटाचं काही तरी हवं होतं. आमच्या बाल्कांवापासून राचोल काही फार दूर नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, छापून पूर्ण झालं. साध्या बायकांना कळावं म्हणून त्यांनी भाषा मुद्दाम सोपी ठेवली. बायबल सोसायटीचं नेहमीचं भाषांतर आणि रमाबाईंचं शेजारी ठेवून एकच उतारा वाचा.

येशूने स्वतःला आई म्हटलं आहे का?

आई नाही, कोंबडी. यरुशलेमेला उद्देशून तो म्हणतो, कोंबडी आपली पिल्लं पंखांखाली घेते तसं तुझ्या मुलांना जवळ घ्यायची माझी कितीदा तरी इच्छा होती, पण तुम्हाला ते नको होतं (लूक १३:३४). सिंह, राजा, न्यायाधीश हे सगळं हाताशी असताना त्याने परसातली कोंबडी घेतली. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं ते मराठी कानाला सहज वाटतं. हा उतारा कार्यक्रमात नव्हता. घारीची सावली पडली की कोंबडी कशी ओरडते ते एका मावशींनी करून दाखवलं, तेव्हापासून आम्ही तो दर वेळी घेतो.

वाद चढला तर काय करायचं?

उताऱ्याकडे परत या: “हे कुठल्या ओळीत आहे?” एवढाच प्रश्न. बहुतेक वाद त्या ओळीत नसलेल्या गोष्टींवर असतात. तरीही नाही थांबला तर चहा.

किती बैठका लागतात?

सहा. पहिली नासरेथची, दुसरी मार्क ८, दोन ‘मनुष्याचा पुत्र’साठी, एक भाकरीची. कॅलेंडरवरची ती रेघ सहाव्या बैठकीत आणि तिच्याबरोबर क्रूसावरची पाटी. चवथीच्या आणि डिसेंबरातल्या नोव्हेनांच्या (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांच्या) दिवसांत ठेवू नका, कोणी येत नाही.

क्रूसावरची पाटी म्हणजे? तिचा या विषयाशी काय संबंध?

गोव्यात रस्त्याकडेच्या कितीतरी खुरसांवर (क्रूसांवर) चार रोमन अक्षरं दिसतात: आय, एन, आर, आय. लॅटिनमध्ये ‘येझुस नाझारेनुस रेक्स युदेओरुम’, म्हणजे नासरेथकर येशू, यहुद्यांचा राजा. आरोपीचा गुन्हा सांगणारी ती पाटी होती. योहान सांगतो की ती हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती (योहान १९). याजकांनी पिलाताकडे तक्रार केली: ‘यहुद्यांचा राजा’ असं लिहू नका, ‘मी यहुद्यांचा राजा आहे, असं तो म्हणाला’ असं लिहा.

म्हणजे तो स्वतःला काय म्हणाला हा आपला वाद क्रूसापाशीच सुरू झाला होता. आणि गंमत अशी की पिलाताने ‘तू यहुद्यांचा राजा आहेस का’ असं विचारलं तेव्हा पहिल्या तिन्ही शुभवर्तमानांत येशूचं उत्तर एकच आहे: तू म्हणतोस. योहानात तो आधी म्हणतो की माझं राज्य या जगाचं नाही, मग म्हणतो, मी राजा आहे असं तू म्हणतोस, सत्याविषयी साक्ष द्यायला मी आलो. पिलाताने पाटी बदलली नाही. मी लिहिलं ते लिहिलं, म्हणाला.

सहाव्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या वाड्यावरच्या खुरसाचा फोटो काढून आणायचा असतो. अक्षरं चुन्याखाली बुजलेली असली तरी चालेल.